पाक पाणी, साफ पाणी

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. कोल्हापूरच्या लोकांच्या ती आता फारशी लक्षात नसेल, पण इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत अजून 'काविळीचं वर्ष' म्हटलं की लोकांना तेच साल आठवतं. मे-जूनमध्ये दवाखाने भरून गेले, मृत्यूंचा आकडा दोन अंकी झाला. विषाणू हिपॅटायटिस ई. मेलेल्यांत गरोदर बायका होत्या. हा योगायोग नव्हता, ते पुढे सांगतो.

त्या साथीवर तेव्हा भरपूर लिहून आलं. नगरपालिकेला शिव्या पडल्या, गटारीतून गेलेल्या गळक्या पाइपांचे फोटो छापले गेले. मग पाऊस आला आणि विषय संपला. मला आज त्यावर लिहावंसं वाटतं, कारण मी शाळेत मुलांना 'मुतअद्दी अमराज' हा धडा उर्दूत आणि 'संसर्गजन्य रोग' हा धडा मराठीत समजावत असतो, आणि दोन्ही भाषांत मुलांना व्याख्या पाठ असते. रोग येतो कुठून, हे विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, हवा बदललीया."

'मुतअद्दी' हा शब्द मुलांना व्याकरणातही भेटतो. मराठीत ज्याला सकर्मक क्रियापद म्हणतो, त्याला उर्दूत फेल-ए-मुतअद्दी म्हणतात. क्रिया कर्त्यापाशी थांबत नाही, कर्मापर्यंत जाते. रोगाचंही तसंच, तो एकापाशी थांबत नाही. पण एकाकडून दुसऱ्याकडे तो नेमका कसा जातो, हे प्रत्येक रोगाचं वेगळं असतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. क्षयरोग खोकल्यातून जातो. डेंग्यू डासातून. हिपॅटायटिस बी रक्तातून. आणि हिपॅटायटिस ई आजारी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. ऐकायला किळसवाणं आहे. म्हणूनच कुणी ते स्पष्ट सांगत नाही आणि मग लोक रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवतात, पण नळाचं पाणी मात्र तेच पितात.

या विषाणूची ओळख पटायला आपल्याच देशात किती वर्षं लागली, ते सांगण्यासारखं आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि नाल्याचं घाण पाणी शहराच्या पाणी उपशाच्या ठिकाणापर्यंत मागे आलं. पाणीपुरवठ्याच्या लोकांना ते कळलं होतं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्याने टायफॉईडची साथ टळली. पण काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीनच्या ज्या मात्रेने जिवाणू मेले, त्या मात्रेला हा विषाणू पुरून उरला. तेव्हा सगळ्यांनी ती नेहमीची, आज जिला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो ती कावीळ समजली. १९७८ मध्ये काश्मीरच्या खेड्यांत तशीच साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू या काश्मिरी डॉक्टरांनी गावोगाव फिरून रुग्ण तपासले. तरुण माणसं आजारी पडत होती, गरोदर बायका मरत होत्या, आणि रक्ताच्या तपासणीत ए आणि बी दोन्ही दिसत नव्हते. हा काहीतरी वेगळाच विषाणू आहे, असं त्यांनी १९८० मध्ये मांडलं. दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा तिथेही ए सापडला नाही. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेपासून केलेलं द्रावण स्वतः पिऊन, आजारी पडून, सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दाखवला. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावं येतात तशी खुरू साहेबांचं नाव यायला हवं, असं मला वाटतं. धड्यात ते नाही.

आता इचलकरंजीकडे येऊ. पंचगंगा प्रयाग चिखलीला तयार होते, कोल्हापूरला वळसा घालते आणि पुढे इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरचा जयंती नाला, दुधाळी नाला नदीत काय आणून ओततात, हे इथल्या प्रत्येकाने नाकाने अनुभवलं आहे. खाली इचलकरंजीकर तेच पाणी उचलत आले. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, घाण तेवढीच राहते. त्यात पाणी एक-दोन दिवसांआड येतं. पाइप रिकामा असला की आत पोकळी होते, आणि तो गटारीतून गेलेला असेल, सांधा गळका असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. वर प्रत्येक घरात नळाला थेट मोटर लावलेली. मोटर शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, गटारीचंही ओढते. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं जे गढूळ येतं, ते हेच.

या रोगाची आणखी एक खोडी आहे. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकदा पाच-सहा. म्हणजे मे महिन्यात जो पिवळा पडला त्याने ते पाणी मार्च-एप्रिलमध्ये प्यायलेलं असतं. तोवर कदाचित पाइप दुरुस्तही झालेला असतो. अधिकारी त्या दिवशीचा नमुना घेतात आणि 'पाणी पिण्यायोग्य' असा दाखला देतात. तो दाखला त्या दिवसापुरता खराही असतो. आणि लोक कुणाला दोष देतात? गेल्या आठवड्यात झालेल्या लग्नातल्या बिर्याणीला, नाहीतर बर्फगोळेवाल्याला.

हे गणित न कळल्यामुळे सगळ्यात जास्त फावतं ते कावीळ उतरवणाऱ्यांचं. माळ घालणारे आहेत, नाकात कडू रसाचे थेंब सोडणारे आहेत, मनगटावर डाग देणारे आहेत, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणारे आहेत. आपल्या भागात सर्वधर्मसमभाव कुठे शाबूत असेल तर तो या रांगेत. तिथे मौलानांकडे मराठे येतात आणि गुरवाकडे बागवान जातात. माळ वाढते कारण ओल्या काड्या वाळून गाठी सैल होतात. पाणी पिवळं होतं कारण हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग होतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी ते पिवळंच होईल, घरी करून पाहा. पण लोकांचा विश्वास बसतो, कारण धडधाकट माणसाची ही कावीळ विश्रांतीने चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला जातं.

गरोदर बाईच्या बाबतीत मात्र हे श्रेय कुणी घ्यायला येत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर पाचांतली एक, कधी चारांतली एक बाई दगावते. माझा एक जुना विद्यार्थी मागावर काम करतो. त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. लघवी पिवळी झाली, जेवण जाईना. घरच्यांनी माळ घातली आणि नऊ दिवस वाट पाहिली. दहाव्या दिवशी ती बरळायला लागली तेव्हा रिक्षा बोलावली. तो मला म्हणाला, "सर, अम्मा म्हणाली, तकदीर." मी त्याला काहीच म्हणालो नाही. मयतीच्या घरात वाद घालायचा नसतो. पण इथे घालतो.

तकदीर या शब्दामागे लपायची सोय आपल्या दीनने ठेवलेली नाही. हिजरी १८ मध्ये शाममध्ये अमवासचा ताऊन पसरला होता. हजरत उमर तिकडे निघाले होते, ते सरहदीवरूनच मागे फिरले. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमरांचं उत्तर मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं: एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो. साथीच्या गावात जाऊ नका आणि तिथून बाहेरही पडू नका, ही हदीस याच प्रसंगात पुढे आली. चौदाव्या शतकात युरोपात काळा मृत्यू आला, तेव्हा ग्रॅनाडाच्या इब्न अल-खतीबने लिहिलं की रोग कपड्यांतून, भांड्यांतून जातो हे डोळ्यांना दिसत असेल, तर रिवायतीचा अर्थ त्या अनुभवाला धरून लावावा लागेल. सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस हे म्हणतो आणि आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात पाण्याचं नाव काढत नाही.

आणि पाण्याबद्दल तर आपल्याला बोलायलाच हवं. लहानपणापासून आपण शिकतो की पाण्याचा रंग, वास, चव बदलली नसेल तर ते पाक. हौज दह दर दह, म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद असला तर त्याला वाहत्या पाण्याचा हुकूम. हे मसले वजूसाठी आहेत आणि त्यासाठी ते पुरेसे आहेत. पण विषाणू रंग बदलत नाही, वास बदलत नाही, चवही नाही. पाणी पाक असेल आणि तरीही पिण्यालायक नसेल, असं होऊ शकतं. पाक आणि साफ हे दोन वेगळे शब्द आपल्या बोलण्यात आहेत, पण ते आपण एकाच अर्थाने वापरतो. वजूत तीनदा गुळणी करतो, ते पाणी तोंडात जातंच. हौज कधी उपसला, टाकी कधी धुतली, हे मस्जिदीच्या कमिटीला विचारायला कुणी लाजू नये.

कुणी म्हणेल, हे लिहून तुम्ही आपल्याच लोकांना घाणेरडं ठरवताय. २०२० मध्ये आपण ते भोगलं आहे. मरकजमध्ये गर्दी जमली, रोग पसरला, त्यात वाद नाही. गर्दीत तो कुठेही पसरला असता. पण विषाणूला धर्म चिकटवला गेला आणि भाजी विकणाऱ्या बागवानाला गल्लीत येऊ दिलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. आणि त्याच वर्षी रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुसलमानांनी ३६ लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. पहिली बातमी महिनाभर चालली, दुसरी एक दिवस. हे सगळं मला मान्य आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे की रोगाचा रस्ता नेमका माहीत असणं हे आपल्यासाठी इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. 'त्यांच्या वस्तीतच रोगराई असते' असं कुणी म्हणालं तर रागावून भागत नाही. कुठली पाइपलाइन, कुठला सांधा, कुठली तारीख, हे सांगता आलं पाहिजे.

तपासणीचंही तसंच. डोळे पिवळे म्हणजे 'कावीळ झाली', पण कावीळ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नाही. बिलिरुबिन आणि एसजीपीटी पाहिलं की यकृताला किती मार बसला ते कळतं, तो कुणी मारला ते कळत नाही. त्यासाठी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तपासावी लागतात. ई साठीची आयजीएम सापडली तर लागण ताजी, नुसती आयजीजी असेल तर ती केव्हाची जुनी. हिपॅटायटिस बी निघाला तर सगळंच वेगळं, तिथे नळाचा संबंध नाही, घरातल्या बाकीच्यांना लस द्यावी लागते. ई ची लस आपल्याकडे मिळत नाही. पाणी उकळणं एवढाच उपाय, आणि पावसाळ्यात गॅस किती जळतो याचा हिशेब बायकांना विचारा.

कोल्हापूरला आता काळम्मावाडीतून थेट पाइपलाइनने पाणी येतं. इचलकरंजीची सुळकूड योजना वर्षानुवर्षं वादात अडकली. वरच्याला धरणाचं, खालच्याला वरच्याने वापरून सोडलेलं. हा प्रश्न शासनाचा आहे आणि तो मोर्चे काढूनच सुटेल.

तोवर जे मस्जिदीला जमेल ते मस्जिदीने करावं. गल्लीत कुणाला कावीळ झाली, हे दवाखान्याच्या आधी मस्जिदीत कळतं, दुआ मागायला सांगितली जाते म्हणून. एक वही ठेवावी. नाव लिहू नये, गल्ली लिहावी, लघवी पिवळी झाली ती तारीख लिहावी, कुठल्या नळाचं पाणी ते लिहावं, घरात गरोदर बाई आहे का ते लिहावं, आणि असेल तर त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात पाठवावं. ग्रामपंचायतीचे शिपाई टीसीएल पावडर टाकल्यावर ओ.टी. टेस्ट करतात, ती शाळकरी पोरगाही करू शकतो. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर ते वाटेत कुठेतरी संपलं, म्हणजे वाटेत घाण आहे. फज्रनंतर पाणी सुटतं तेव्हाच टेस्ट करायची आणि वहीत लिहायची. आठवडाभर पाणी पिवळं झालं नाही तर वही घेऊन महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जायचं. एकट्याने जाऊ नये. शेजारच्या गल्लीतल्या तालमीच्या अध्यक्षालाही बरोबर घ्यावं, कारण त्याच्या नळालाही तीच पाइपलाइन आहे.