सूट कोणाला, भार कोणावर?

'सूट' हा शब्द मराठी माणसाला प्रिय. दिवाळीच्या कापडात सूट, प्रवासभाड्यात सूट, करात सूट. बँकेतल्या नोकरीने मात्र मला एवढे शिकवले, की एकाला दिलेली सूट कोणाच्या तरी खात्यावर नावे पडतेच. अमेरिकेतील राज्यांत लसीकरणाच्या सवलतीवरून जो वाद चालला आहे, तो याच हिशेबाचा आहे. आपली कितीतरी मुले-नातवंडे तिकडे शाळेत जातात. तेव्हा तो अगदीच परका म्हणता येणार नाही.

तिथे शाळेत नाव घालताना लशी टोचल्याचा दाखला लागतो. हा कायदा प्रत्येक राज्याचा आपापला. प्रकृतीच्या कारणासाठी सूट सर्वत्र आहे. बहुतेक राज्यांत धर्माच्या कारणाने आणि काही राज्यांत नुसते 'आम्हांला पटत नाही' म्हटल्यानेही ती मिळते.

डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि शंभराहून अधिक लोकांना झाला. जून २०१५ मध्ये त्या राज्याने वैयक्तिक मताची सूट कायद्यानेच काढून टाकली. बालवाडीतल्या पूर्ण लसीकरणाचे प्रमाण वर्षभरात ९२.८ टक्क्यांवरून ९५.६ वर गेले. मग पळवाट निघाली. डॉक्टरांच्या दाखल्यांची संख्या वाढली आणि २०१९ मध्ये त्या दाखल्यांची तपासणी करणारा आणखी एक कायदा करावा लागला.

उलट आयडाहोने २०२५ मध्ये 'वैद्यकीय स्वातंत्र्या'चा कायदा करून अशा सक्तीलाच बंदी घातली. त्याच वर्षी टेक्सासमध्ये गोवराची साथ आली. साडेसातशेहून अधिक रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली.

पालकांची शंका वेडगळ म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही. आपल्या बाळाच्या दंडात सुई जाताना आईने चार प्रश्न विचारले, तर तो तिचा अधिकारच आहे. इंग्लंडने १८५३ मध्ये देवीची लस सक्तीची केली आणि १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणाने सूट देणेही त्याला भाग पडले. खुद्द गांधीजी देवीच्या लशीच्या विरोधात होते. आणि सक्ती उर्मटपणे राबवली म्हणजे काय होते, हे १८९७ च्या प्लेगमधल्या पुण्याला कोणी सांगायला नको.

पण गोवराचा स्वभाव पाहा. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. त्याला अडवायचे तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांना लस हवी. उरलेल्या पाचांत कोण असतात? वर्षाच्या आतले तान्हे बाळ, रक्ताच्या कर्करोगावर औषधे चाललेली मुलगी. त्यांना लस घ्यायची असली, तरी घेता येत नाही. ती सूट त्यांच्यासाठी राखलेली आहे. 'पटत नाही' म्हणणारा धडधाकट माणूस तीच जागा अडवतो आणि जोखीम त्या मुलीच्या नावे टाकतो. स्वतःच्या प्रकृतीचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा निर्णय त्याला परस्पर घेता येणार नाही. म्हणून प्रकृतीची सूट उदारपणे द्यावी, मताची शाळेच्या दारात देऊ नये, असे मला वाटते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी हाच तोल सांभाळला. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक हितासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते, असे ते म्हणाले.

आपल्याकडचे दुखणे मात्र सवलतीचे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले गेली, ती काही कायद्यातल्या पळवाटेमुळे नव्हे. कामाचा दिवस बुडवून दवाखाना गाठणे, लशीनंतर ताप येईल ही भीती, ऐकीव अफवा, ही अशा वस्त्यांतली अडचण असते. पोलिओ आपण हटवला तो दंड करून नव्हे, तर घरोघर जाऊन, दार उघडेपर्यंत थांबून. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. कायदा हवाच, पण त्याच्या आधी दारात उभी राहून शांतपणे उत्तरे देणारी नर्सबाई हवी. तिची जागा रिकामी ठेवून केलेला कायदा कागदावरच राहील.