‘ही कसली संस्कृती?’ म्हणणाऱ्यांना

भोपाळहून परतल्यावर मोबाइलवर काढलेले फोटो कचेरीत दाखवले आणि चहा गार होईपर्यंत वाद झाला. फोटो होते कार ड्रिफ्टिंगच्या स्पर्धेचे. शहराबाहेरचे डांबरी पटांगण, पांढऱ्या धुरात आडवी झालेली गाडी, नाकाला रुमाल लावून उभी असलेली पोरे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दोन फोटो पाहून निकाल दिला, "ही कसली संस्कृती? बापाच्या पैशाचे टायर जाळतात!"

गंमत म्हणजे त्याच मोबाइलमध्ये भारत भवनाचेही फोटो होते. १९८२ सालची ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. आपल्या पणजीतल्या कला अकादमीचे वास्तुकारही तेच. पण ते फोटो संस्कृतीच्या एकाही कैवाऱ्याने मागितले नाहीत. बरे, धिरयोवर १९९६ साली उच्च न्यायालयाने बंदी घातल्याचे दुःख याच मंडळींना अजून आहे! बैलाचे पोट फाटलेले चालते, टायर फाटलेला चालत नाही.

वाचकहो, मीही भाच्याच्या आग्रहाखातरच गेलो होतो. मला वाटले होते, जो जोरात पळेल तो जिंकेल. तसे नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी गाडी लागते. वळणावर हँडब्रेक ओढून किंवा क्लचला झटका देऊन मागची चाके मुद्दाम सरकवायची, पुढची चाके उलट दिशेला वळवायची आणि अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाने ते घसरणे तोलून धरायचे. परीक्षक पाहतात ते गाडीने धरलेली रेषा, तिचा कोन आणि चालवण्यातली शैली. दोन गाड्या सोडतात तेव्हा मागच्याने पुढच्याची नक्कल करत तिला चिकटून राहायचे असते. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पखवाज नुसता जोरात वाजवला म्हणून कोणी बक्षीस देते काय? तसेच हे. फोटोत फक्त कोन दिसतो, पायातला हिशोब दिसत नाही. म्हणून सहकाऱ्यावर मी फार रागावलो नाही.

राग आहे तो दुसऱ्या फोटोंचा. मोरजी, आश्वेच्या वाळूत भाड्याची जीप गरागरा फिरवायची, व्हिडिओ काढायचा आणि त्याला ड्रिफ्टिंग म्हणायचे. अहो, वाळूत गाडी कोणाचीही सरकते! त्यात चालकाचे कसब काय? मोरजीच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. त्यावरून चाक फिरवणारा खेळाडू नव्हे, उपद्रवी आहे. पोलीस गुन्हा नोंदवतात, वर्तमानपत्रात बातमी येते, आठवड्याने दुसरी जीप. रस्त्यावरची कथा तर सांगायलाच नको. एवढ्याशा गोव्यात दर वर्षी दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात.

जपानमध्येही हा प्रकार घाटरस्त्यांवर रात्री चोरूनच वाढला. केइची त्सुचिया हा त्यातलाच. पण तिथे नुसते उपदेश करून थांबले नाहीत. २००१ पासून डी-वन ग्रांप्री ही मालिका रीतसर ट्रॅकवर सुरू झाली आणि घाटात शिकलेला हा त्सुचिया परीक्षकाच्या खुर्चीत बसला. २०१७ साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने टोकियोत ड्रिफ्टिंगचा चषक भरवला. आपल्याकडे मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूरला, विद्यार्थी स्वतः बनवलेल्या गाड्या ‘बाहा’ स्पर्धेत उतरवत आले आहेत. तिथल्या चाचणी केंद्रातला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. आमच्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोराने गाडीशी खेळावे कुठे? फोंड्याच्या बाजारात?

जागा नाही, हे उत्तर मला पटत नाही. कॅसिनोला नदी मिळते! २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा सांगे, डिचोलीकडे ट्रक उभे करण्याची पटांगणे ओस पडली. त्यांतले एखादे डांबर घालून द्या. भोवती टायरांची भिंत, दारात रुग्णवाहिका, हेल्मेटशिवाय प्रवेश नाही, आणि टायरचा खर्च ज्याचा त्याने करावा. सरकारी तिजोरीतून तो द्या असे मी मुळीच म्हणत नाही.

आवाज आणि धूर सोसायचा कोणी, हा प्रश्न मात्र खरा आहे. खाणीच्या धुळीत आयुष्य काढलेल्या गावावर तो लादता येणार नाही. आधी ग्रामसभेत ठेवावे, दिवस आणि तास तिथेच ठरावेत. गाव नाही म्हणाले तर दुसरे पटांगण शोधावे.