एकदा गुन्हेगार, तो जन्माचा गुन्हेगार?

समजा, पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने १९८४ साली कोणाची तरी सायकल पळविली. पोलिसांनी पकडले, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, पोराने गुन्हा कबूल केला आणि दोनशे रुपये दंड भरून तो घरी आला. बापाने दोन थोबाडीत दिल्या, आईने चार दिवस डोळ्यांना पदर लावला आणि प्रकरण मिटले. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, संसार केला. आज साठीला टेकलेल्या या गृहस्थाची मुलगी न्यू जर्सीत नांदते आहे आणि नातवाच्या बारशाला तिने आईबापांना बोलाविले आहे. व्हिसाच्या अर्जात अमेरिकन सरकार विचारते: तुम्हाला कधी अटक झाली होती काय? कोणत्याही गुन्ह्याबद्दल तुम्ही दोषी ठरला होता काय, मग पुढे त्याची माफी मिळालेली असो वा नसो? हा गृहस्थ आम्ही कल्पनेने उभा केला आहे. कायदा मात्र काल्पनिक नाही.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांचा तोटा नसतो. ‘नाही’ म्हणून ठोकून द्या, चाळीस वर्षांपूर्वीचे दप्तर कोण उघडून पाहतो, असे सांगणारे दलाल शहरात हवे तेवढे भेटतात. हा सल्ला पैसे देऊन विकत घेतलेला खड्डा आहे, असे आम्ही स्पष्ट बजावतो. १९५२ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्यास कायमची प्रवेशबंदी होते. सायकलचा गुन्हा एकोणिसाव्या वर्षाचा होता, हा नवा गुन्हा साठाव्या वर्षाचा ठरेल. त्यालाही सूट मागता येते म्हणा. पण ती मागावयाची कोणत्या तोंडाने?

मात्र खरे बोलणाऱ्याची वाटही सरळ नाही. ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ हे शब्द अमेरिकेच्या प्रवेशविषयक कायद्यात १८९१ पासून आहेत, आणि त्यांची व्याख्या कायद्याने आजतागायत केलेली नाही. १९५१ साली हे शब्द संदिग्ध असल्याची तक्रार तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आली. बहुमताने ती फेटाळली. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्न मत नोंदविले. चोरी बहुधा या सदरात मोडते. किरकोळ गुन्ह्याला अपवाद आहे, पण त्याची मेख पाहा. गुन्हा एकच असावा, प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी, हे ठीक. परंतु त्या गुन्ह्याला कायद्याने सांगितलेली कमाल शिक्षाही एका वर्षाच्या वर नसावी लागते! भारतीय दंडसंहितेच्या ३७९ व्या कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे न्यायाधीशाने प्रत्यक्षात काय दिले याला महत्त्व नाही, काय देता आले असते याला आहे. अठराव्या वर्षाच्या आतील गुन्ह्यालाही काही अटींवर अपवाद मिळतो. आमचा गृहस्थ एकोणीस वर्षांचा होता. आणि दैवाचा खेळ असा की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतील पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे.

देश बदलला की पापाचे मोजमापही बदलते. दारू पिऊन गाडी हाकल्याचा साधा गुन्हा अमेरिका नैतिक अधःपतनात सहसा गणीत नाही. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून तो गंभीर गुन्ह्यांच्या पंक्तीत बसविला आहे. ब्रिटनमध्ये बारा महिने वा अधिक कैद झालेल्यास प्रवेश नाकारलाच पाहिजे असा २०२० पासून नियम आहे. दोनशे रुपये दंडवाल्याची गोष्ट तेथे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेली असते. लंडनचा दरवाजा ज्याला कदाचित उघडेल, त्यालाच न्यू जर्सीचा अडेल.

तरीही अमेरिकन कायद्यात एक खिडकी आहे आणि ती आमच्या वाचकांस ठाऊक असावी. तात्पुरत्या भेटीसाठी जाणाऱ्यास बंदीतून सूट मिळावी अशी शिफारस वकिलातीचा अधिकारी करू शकतो. १९७८ च्या एका निर्णयाप्रमाणे त्यात तीन गोष्टी पाहावयाच्या: माणसापासून समाजाला धोका किती, जुना गुन्हा किती गंभीर आणि जाण्याचे कारण काय. कारण अगदी निकडीचेच हवे असे नाही. नातवाचे तोंड पाहणे हेही कारण होय. निकालाची प्रमाणित नक्कल, दंडाची पावती आणि नंतरच्या स्वच्छ आयुष्याचे कागद घेऊन खरे बोलणाऱ्याने हीच वाट धरावी. वेळ लागेल, बारसे हुकेलही. नकार आल्यास दाद मागण्यास जागा जवळजवळ नाही. स्वतःच्या पतीसाठी झगडणाऱ्या अमेरिकन नागरिक स्त्रीलाही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली विन्मुख पाठविले.

आपल्या घराचा उंबरठा कोणी ओलांडावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. भारताच्या व्हिसाच्या अर्जातही अटक, खटला आणि शिक्षा यांची चौकशी असतेच. आमची तक्रार प्रश्नाबद्दल नाही, त्याला काळाची मर्यादा नसण्याबद्दल आहे. याबाबतीत आपला १९६७ चा पारपत्र कायदा अधिक शहाणा म्हणावा लागेल: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल निदान दोन वर्षांची शिक्षा, आणि तीही अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत झालेली असेल, तरच त्या कारणावरून पारपत्र नाकारता येते.

पण एवढ्यावर आपण पाठ थोपटून घेऊ नये. ठराविक मुदतीनंतर जुनी शिक्षा बहुतेक व्यवहारांत विसरली जावी असा कायदा ब्रिटनने १९७४ साली केला. व्हिसाच्या कामी तो लागू पडत नाही हे खरे, पण निदान स्वदेशात माणसाला मान वर करता येते. आपल्याकडे १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातील बारावे कलम सोडले, तर प्रौढ गुन्हेगाराला असा सर्वसाधारण आधार नाही. संसदेने तो द्यावयास हवा. परक्या वकिलातीवर त्याचे बंधन नसले, तरी त्या कागदाचे वजन तेथे पडू शकते. आणि कायदा होईतो उच्च न्यायालयाने एवढे तरी करावे: जुन्या निकालाची नक्कल, किंवा दप्तर नष्ट झाले असल्यास तसा दाखला, मागणाऱ्याच्या हाती ठराविक दिवसांत द्यावा, असा हुकूम सर्व कनिष्ठ न्यायालयांच्या नक्कल विभागांस काढावा.