आभार कोणाचे, हेही शिकवा

‘थँक्यू म्हण’ असं बारामती-इंदापुरात घरोघरी मुलांना शिकवतात; आभार कोणाचे मानायचे, हे मात्र राहून जातं. तिथे बायबलमधल्या गोष्टी उपयोगी पडतात. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो, पण आभार मानायला एकच परततो, आणि तोही यहुदी ज्याला परका मानत तो शोमरोनी. रूथ ही परमुलखातली विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तेव्हा तो गड्यांना पेंढ्यांतली कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाकायला सांगतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर आज्ञाच आहे: शेतात विसरलेली पेंढी परक्याला, अनाथाला, विधवेला राहू द्या, कारण तुम्हीही मिसरात गुलाम होता. आपल्याकडे बीडहून आलेली जोडपी पहाटेच्या थंडीत कोयता चालवून उसाच्या मोळ्या बांधतात, तेव्हा कारखान्याचं गाळप चालतं. उजनीच्या पाण्याखाली जुनं पळसदेव गाव गेलं, तेव्हा धरण भरलं. आभार मानायचे ते यांचेही.

यातून धर्मप्रचार होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून शाळेत गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगावी, प्रार्थनेची अट नको. कृतज्ञतेने मुलं लाचार होतील, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण न परतलेल्या नऊ जणांचं बरेपण येशू काढून घेत नाही. आभार ही परतफेड नव्हे, आणि ऊसतोड मजुराचे आभार मानून त्याची मजुरी चुकती होत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. शिक्षकांनो, येत्या गळीत हंगामात रूथची गोष्ट जरूर सांगा, आणि ऊसतोड मजुरांची कोपीवरची मुलंही त्या वर्गात बसलेली असू द्या.