स्वस्त डग्गा, महाग घुमारा

काशीहून परतणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या सामानात गंगाजलाबरोबर कधी कधी तबल्याची जोडीही असते. पंडित रामसहाय यांच्या घराण्याचे हे शहर; बनारसी तबल्याला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. नातवासाठी येथूनच, पण स्वस्तातली जोडी घ्यावी, हा मोह स्वाभाविक आहे.

मात्र काटकसर कोठे करावी, हे उमगले पाहिजे. पुडी कातड्याची, ती वापराने आणि दमट हवेने खराब होते, बदलावीच लागते. तो चालू खर्च. डग्ग्याचे भांडे ही भांडवली गुंतवणूक होय. तांब्यापितळेचे जड भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पोचा आला तरी ठोकून काढता येतो. पातळ पत्र्याचा डग्गा चकचकीत दिसतो, परंतु मनगटाच्या दाबाने उमटणारा खर्जातला घुमारा त्यातून नीट निघत नाही. शिवाय वाजवताना तो जागचा सरकतो, ते वेगळेच. दोष हाताचा की भांड्याचा, हे शिकाऊ मुलाला कळत नाही आणि जोडी माळ्यावर जाते.

तबला शिसवीऐवजी साध्या लाकडाचा असला तरी आरंभी चालेल. वाचलेले पैसे डग्ग्याच्या वजनात घालावेत. दुकानात तो काट्यावर ठेवायला सांगण्यात संकोच नसावा. जुन्या जड भांड्यावर नवी पुडी चढवून मिळत असेल, तर अधिकच उत्तम.