मागल्या नवऱ्याची बाकी आणि नवा संसार

पाट लावणें हें आमच्या शेतकरी व कारागीर जातींत कधींच पाप मानलें गेलें नाहीं. परंतु पाटाचीं बोलणीं निघालीं कीं मंडळी आधीं विचारतात, "मागल्या नवऱ्याची बाकी किती?" बाईचा स्वभाव, तिचा कामसूपणा हें सारें मागून. थकलेला शेतसारा, घरपट्टी किंवा इन्कमटॅक्स आपल्या घरांत शिरेल, या धास्तीनें जुळत आलेली सोयरीक मोडते. ही धास्ती बव्हंशीं खोटी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सारा जमिनीवर बसतो. थकला तर त्याचा पहिला बोजाही त्याच जमिनीवर. घरपट्टी त्या घराची. इन्कमटॅक्स थकवून नवरा वारला, तर वारसांकडून वसुली होते ती त्यानें मागें ठेवलेल्या मिळकतीपुरतीच. काडीमोड झालेल्या बाईवर तर मागल्या नवऱ्याच्या टॅक्साची जबाबदारी येतच नाहीं. मग नव्या नवऱ्याच्या बैलजोडीस किंवा कुंभाराच्या चाकास कोण हात लावणार?

दोन गोष्टी मात्र तपासाव्या. मागल्या नवऱ्यानें कर चुकविण्यासाठीं मोबदल्यावांचून कांहीं मिळकत तिच्या नांवें केली असेल, तर तिजवर जप्ती येऊं शकते. आणि तिनें कोठें जामीन म्हणून सही-अंगठा दिला असेल, तर तें देणें तिचें स्वतःचें. नव्या नवऱ्यानें सही केल्याखेरीज तें त्याचें होत नाहीं.

आतां खरी मेख पाहा. विधवा दुसरें घर करणार असें कळतांच भाऊबंद म्हणतात, "बाई, बाकी फार आहे; हक्कसोड करून दे, आम्ही निस्तरतों." बाकी शेंकड्यांत असते आणि जमीन एकरांनीं जाते! १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानें दुसरें लग्न करणाऱ्या विधवेचा मागल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला होता. मुंबई हायकोर्टानें तो नियम पाटाची चाल पूर्वापार असलेल्या जातींसही लाविला. ज्यांच्यांत विधवेचें लग्न होतच नव्हतें त्यांच्यासाठीं झालेला कायदा आमच्या लेकींच्या मुळावर आला! पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानें, नवरा मृत्युपत्र न करतां वारल्यास, त्याच्या हिश्श्यांत विधवेस मुलाबरोबरीचा व पूर्ण मालकीचा वाटा दिला. जुना कायदा १९८३ सालीं रद्द झाला. मिळालेला वाटा पुढें पाट लाविला म्हणून जात नाहीं.

तेव्हां बंधुभगिनींनो, सोयरीक जुळवितांना सात-बाराचा उतारा काढा, घरपट्टीची पावती पाहा. बाकी निघाली तर जमिनीच्या उत्पन्नांतून फेडा व पावती जपून ठेवा. हक्कसोडीवर अंगठा उठविण्यापूर्वीं तो कागद शाळेंत आणा. वाचून दाखविणें हें आम्हां मास्तरांचें कामच आहे. बाकी वर्षा-दोन वर्षांत फिटेल; एकदां सोडून दिलेली जमीन मात्र सात पिढ्या परत यावयाची नाहीं.