राउटर कधी बदलावा?

वाय-फायची सहावी पिढी २०१९ साली बाजारात आली, सातवी २०२४ साली. म्हणून प्रत्येक नव्या आकड्यामागे मध्यमवर्गीय कुटुंबाने धावावे काय? शंभर मेगाबिटची जोडणी असलेल्या घराला २०१३ साली प्रमाणित झालेल्या पाचव्या पिढीचा राउटरही सामान्यतः पुरतो. वेग मंदावला की दोष पुष्कळदा राउटरच्या जागेचा असतो. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतात. तेव्हा तो कपाटाच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवून पाहावा. या उपायाला एक पैही लागत नाही. मात्र उत्पादकाने सुरक्षाविषयक सुधारणा पुरविणे थांबविले असेल, तर सुरळीत चालणारे यंत्रही बदललेच पाहिजे. बँकेचे व्यवहार ज्या वाटेने होतात, तेथे काटकसर परवडणारी नाही.